सॉलोमनच्या मानेवरचं पीस

माझ्या नवऱ्याला गाता येत नाही हे मला लग्नाच्या दिवशी कळलं. चॅपलमध्ये आम्ही दोघं पुढे उभे होतो, मागे सगळं गाव गात होतं आणि शेजारी एम्लिनचं तोंड अगदी व्यवस्थित उघडत होतं, मिटत होतं. मला वाटलं, एवढ्या आवाजात त्याचा आवाज ऐकू येत नसेल. म्हणून मी जरा त्याच्याकडे कलले. आत काहीच नव्हतं. नुसता श्वास, आणि त्याला पेपरमिंटचा वास.

घरी आल्यावर विचारलं तर तो पलंगाच्या कडेवर बसून रडला. सहा वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंनी त्याला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि सांगितलं होतं, "बाळ, तू नुसतं तोंड हलव." एम्लिन आज्ञाधारक माणूस. बाई वारल्या, शाळेचं छप्पर बसलं, तरी हा तोंडच हलवत राहिला.

दुसऱ्या कुठल्या मुलखात याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण आमचं गाव वेल्सच्या डोंगरातलं, पाटीच्या दगडाच्या खाणीवर जगणारं. इथे बेसूर माणूस म्हणजे कोळ्याच्या घरात पाण्याला भिणारा. इथली नवराबायको भांडली तरी एक वरच्या सुरात भांडतं, दुसरं खालच्या सुरात, आणि शेजारी खिडकी उघडून ऐकत बसतात.

खाणीतला प्रत्येक पुरुष गायनमंडळात असायचा, तसा एम्लिनही होता. एकतीस वर्षं तो खर्जाच्या रांगेत उभा राहिला आणि एकतीस वर्षांत एकदाही चुकला नाही. चुकणार कसा? आमच्याकडे आडनावं तीनचारच, त्यामुळे माणूस धंद्यावरून ओळखायचा. पाववाला इफोर मंडळाचा प्रमुख होता आणि पिठाचे हात हलवत सगळ्यांकडून गाऊन घ्यायचा. तालमीत कुणी चुकलं की तो म्हणायचा, "त्या एम्लिनकडे बघा जरा. आहे का कधी पाऊण सूर इकडेतिकडे?" खर्जात कुणी कच्चा भिडू आला की त्याला एम्लिनच्या शेजारी उभं करायचे. पोस्टमन हिवेल तर पंचवीस वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ आमच्या घरात होती, आणि झाकून धरायचं काम माझ्याकडे होतं.

या मुठीला धोका फक्त एकाच बाजूने होता. गावाच्या वर, दीड तासाच्या चढावर, काळं तळं आहे. तिथल्या ट्राउट माशांचा हंगाम सप्टेंबरअखेर संपतो, आणि शेवटच्या शनिवारी आमच्या क्लबची स्पर्धा असते. शनिवारीच, कारण रविवारी गळाच्या काठीला हात लावणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. ज्याचा मासा सगळ्यात जड, त्याची गळावरची पिसांची माशी होडीघराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टोचून ठेवतात, खाली नाव लिहून. आणि ज्याच्या जाळीत एकही मासा नाही, त्याने ऑक्टोबरात सुगीच्या उपासनेला चॅपलमध्ये एकट्याने गायचं. आभारगीताची चारही कडवी. कुणाच्या तरी पणजोबांचं म्हणणं होतं की देवाने ज्याला दिलं नाही त्याने आभार जरा मोठ्याने मानावेत.

बाकीच्यांना ही शिक्षा वाटायचीच नाही. गाण्याची हौस असलेले काही जण मिळालेला मासा हळूच पाण्यात सोडून द्यायचे आणि रिकामी जाळी दाखवत हळहळायचे. एम्लिन मात्र त्या शनिवारी पहाटेपासून असा मासे धरायचा की जणू पोलीस मागे लागलेत. आणि दरवर्षी एक तरी धरायचाच.

त्याचं कारण त्याच्या वडिलांची माशी. आमच्या तळ्यावर किडे, गांडुळं लावून मासे धरत नाहीत. गळावर पीस आणि रेशीम गुंडाळून माणसं खोटी माशी बांधतात, आणि प्रत्येक घराची बांधणी वेगळी. एम्लिनच्या घरची म्हणजे मोरपिसाच्या दोन तंतूंचं पोट आणि पुढे कोंबड्याच्या मानेवरचं एक पीस गोल फिरवलेलं. पण पीस कसलं हवं? तांबूस तपकिरी, मधोमध काळी रेघ आणि कडाही काळी. असा कोंबडा शंभरात एक निघतो. सासऱ्यांचा तसा एक होता. तो मेल्यावर त्याची सगळी मान त्यांनी वाळवून बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती, आणि बाप गेल्यावर एम्लिन त्यातलं एकेक पीस काटकसरीने वापरत होता. शरद लागल्यावर काळ्या तळ्यातला ट्राउट दुसऱ्या माशीकडे ढुंकूनही बघत नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

त्या वर्षी जूनमध्ये मी कपाट साफ केलं आणि त्या डब्याचं झाकण लावायला विसरले. ऑगस्टमध्ये एम्लिनने डबा उचलला. कसर लागली होती. आत पिसांच्या काड्या आणि चिमूटभर भुसा उरला होता.

तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द परत ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. त्याने डबा धुतला, पुसला आणि त्यात खिळे ठेवले. मग महिनाभर दुसऱ्या रंगाच्या माशा बांधून तो दर शनिवारी तळ्यावर गेला आणि दर शनिवारी हात हलवत परत आला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो झोपेत तोंड हलवायला लागला.

गावात तसला कोंबडा एकच होता. सॉलोमन त्याचं नाव, आणि तो मिस टेगवेनचा. मिस टेगवेन चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायच्या, लग्न केलं नव्हतं, आणि चार वर्षांपूर्वी हा कोंबडा अंड्यातून निघाल्यापासून त्यांना लग्नाची गरजही वाटत नव्हती. एम्लिनने टोपी काढून दोन पिसं मागितली होती. त्या म्हणाल्या, "एम्लिन, तुम्ही पाद्रीबाबांच्या दाढीतले दोन केस मागाल का?" तो टोपी घालून घरी आला.

मग जे केलं ते मी केलं. ते सांगायची मला लाज वाटते, पण अर्धवट सांगण्यात तरी काय शोभा आहे.

बुधवारी दुपारी मिस टेगवेन चॅपलमध्ये सराव करायच्या. ऑर्गन सगळ्या गल्लीत ऐकू येतो, त्यामुळे तो वाजतोय तोवर बाई घरी नाहीत हे पक्कं. मी त्यांच्या मागच्या दाराने खुराड्यात शिरले. एका हातात मनुकांच्या पावाचा तुकडा होता आणि तोंडात देवाचं नाव. मला दोनच पिसं हवी होती. सॉलोमनने पाव खाल्ला, माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याच्या मानेला हात लावताच तो असा काही फिरला की त्याचा पाय माझ्या एप्रनच्या खिशात अडकला. आता कोंबडा खिशात, मी खुराड्यात गुडघ्यांवर, आणि बाहेर ऑर्गन शेवटच्या कडव्यावर आलेला. मी हिसका दिला. सॉलोमन सुटला, ओरडत कोपऱ्यात गेला आणि माझ्या मुठीत त्याची निम्मी मान राहिली.

ऑर्गन थांबला. मी पिसं पोलक्यात कोंबून जी धावले ती घरात येऊन दाराला पाठ लावूनच थांबले. एम्लिनला सांगितलं की बाजारच्या गावातल्या दुकानातून आणली. त्याने पिसं खिडकीशी नेऊन उजेडात धरली. कुठलं दुकान, कुठे आहे, काही विचारलं नाही. "नेस्ट," तो म्हणाला, "ही बाबांच्या पिसांपेक्षा चांगली आहेत." आणि माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. चोराला कुणी असं वागवू नये, फार त्रास होतो.

गावात दोन दिवस कोल्ह्याची चर्चा चालली. फक्त मानेची पिसं नेणारा कोल्हा कुणीच पाहिला नव्हता, पण प्रत्येकाच्या चुलत्याने पाहिला होता. मिस टेगवेननी सॉलोमनसाठी राखाडी लोकरीचा गळपट्टा विणला. तो घालून कोंबडा अंगणात फिरायला लागला आणि लोक त्याची विचारपूस करायला थांबायला लागले.

शनिवारी बाराजण तळ्यावर गेले. दुपारी आम्ही बायका चहाची किटली आणि खाणं घेऊन वर चढलो. चार वाजेपर्यंत सगळ्यांकडे काही ना काही होतं. पोस्टमन हिवेलकडे तर बोटाएवढा का होईना पण एक मासा होता, आणि तो त्याला दर पंधरा मिनिटांनी हात लावून बघत होता. एम्लिनची जाळी कोरडी होती. वारा पडला होता, पाणी आरशासारखं झालं होतं आणि अशा पाण्यावर मासा येत नाही. मी काठावर विणत बसले होते. नंतर बघितलं तर मोज्याला दोन टाचा झाल्या होत्या.

स्पर्धा संपायला, म्हणजे पाचाला, दहा मिनिटं होती तेव्हा वरच्या खिंडीतून थोडा वारा आला आणि ओढा तळ्याला मिळतो तिथे पाण्यावर बारीक लाटा उठल्या. एम्लिनने काठी मागे नेली, थांबला, पुढे टाकली. माशी लाटांवर पडली आणि तिथलं पाणी फुगलं. काठी अर्धी वाकली. मी उठून उभी राहिले आणि लोकर तळ्यात गेली. पाच मिनिटं तो मासा त्याला काठावर इकडून तिकडे चालवत होता. शेवटी जाळीत आला तेव्हा गडद सोनेरी अंग, लाल ठिपके, आणि शेपूट जाळीच्या बाहेर. एम्लिन मटकन दगडावर बसला. मला तिथूनही दिसलं की तो हसतोय.

आता मी म्हणते, मासा लहान असता तर सगळं निभावलं असतं. पण हा निघाला दोन पौंडांवर. बारा जणांत सगळ्यात जड. म्हणजे त्याची माशी चौकटीत जाणार, म्हणजे ती माशाच्या तोंडातून काढून सगळ्यांच्या हातातून फिरणार. मला हे सुचलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

क्लबचा अध्यक्ष शवपेट्या करणारा गेरेन्ट. त्याने माशी काढली, फुंकर घालून पीस उभं केलं, वाहवा केली आणि शेजारी दिली. ती फिरत फिरत चहाच्या टेबलापाशी आली. मिस टेगवेननी कप खाली ठेवला. चष्मा लावला. चार वर्षं रोज सकाळी ज्या मानेला बाईंनी हात फिरवला, ती त्या ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार?

"हा माझा सॉलोमन आहे," त्या म्हणाल्या.

सगळे माशाकडे बघायला लागले. मग त्यांनी टेबलाखालची टोपली वर घेतली, झाकण काढलं आणि आतून गळपट्टा घातलेला कोंबडा बाहेर काढला. कोल्ह्याच्या भीतीने त्या त्याला एकटं सोडत नव्हत्या. गळपट्टा सोडला. खालची मान लाल, उघडी, एका बाजूला मोजून सहा पिसं. माशी त्यांच्याशेजारी धरली. काळी रेघ, काळी कड. पुराव्याला आणखी काय लागतं?

गेरेन्टने गंभीर चेहरा केला. तो चेहरा त्याच्याकडे धंद्यामुळे तयारच असतो. कमिटीचे तिघं होडीघराच्या मागे गेले, पाइप ओढून परत आले. गेरेन्टने निकाल सांगितला. चोरीच्या पिसावर धरलेला मासा पिसाच्या मालकिणीचा. पण धरणाऱ्याने पीस नकळत वापरलं असेल, कुणी त्याला फसवून दिलं असेल, तर त्याचा दोष नाही. मासा त्याचाच, आणि ज्याने दिलं त्याचं नाव त्याने सांगावं, पुढचं चॅपलची मंडळी बघतील.

मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होते. त्या महिन्यात दहा आज्ञा चालू होत्या आणि आठवी, 'चोरी करू नकोस', येत्या रविवारी होती.

"तर एम्लिन," गेरेन्ट म्हणाला, "हे पीस तुझ्याकडे कुठून आलं?"

एम्लिनने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि मला कळलं की त्याला सगळं कळलं. बाजारच्या गावाला बुधवारी बस जातच नाही. हे त्याला आत्ता आठवलं की पिसं हातात घेतली तेव्हाच माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. मी तोंड उघडलं. मी सांगणारच होते.

"नेस्ट, चहा ओत जरा," तो म्हणाला. मग गेरेन्टकडे वळला. "मी उपटलं. बुधवारी. मिस टेगवेन, माफ करा."

सॉलोमनने गळपट्ट्यावर चोच मारली. मासा मिस टेगवेनच्या टोपलीत गेला, माशी चौकटीत गेली नाही, आणि बारा जणांत रिकाम्या जाळीचा एकटा एम्लिन उरला. सुगीच्या उपासनेला अजून दोन आठवडे होते.

मजा म्हणजे गाव खूश होतं. चोरी दोन दिवसांत विसरली गेली. एकतीस वर्षं ज्याचा खर्ज नुसता रांगेत ऐकला, तो एकट्याचा ऐकायला मिळणार, याचाच आनंद. पाववाला इफोर गिऱ्हाइकांना पावाबरोबर ही बातमी देत होता. पलीकडच्या खोऱ्यातून दोन बसगाड्या भरून लोक येणार होते.

मी त्याला म्हटलं, घसा बसला म्हणून सांग. म्हटलं, मी जाऊन खरं सांगून येते. तो नाही म्हणाला. त्याने गीताचं पुस्तक घेतलं आणि रोज दुपारी डोंगरावरच्या मेंढ्यांच्या वाड्यात जाऊन सराव करू लागला. चौथ्या दिवशी मेंढपाळ दारात आला. त्याच्या मेंढ्या आपणहून खाली उतरल्या होत्या आणि काही केल्या वर जायला तयार नव्हत्या. वर एखादं जनावर विव्हळतंय, एम्लिनने बंदूक घेऊन यावं, अशी त्याची विनंती होती. एम्लिनने बघतो म्हणून सांगितलं.

सुगीच्या उपासनेचा सोमवार आला. चॅपलच्या खिडक्यांत भोपळे, सलगम, कांद्यांच्या माळा, पुढे इफोरने केलेला गव्हाच्या पेंडीच्या आकाराचा मोठा पाव. माणसं जिन्यावर बसली होती. एम्लिन त्याच्या काळ्या कोटात पुढे गेला. इतका पांढरा पडला होता की गेरेन्टने सवयीने त्याची उंची नजरेने मोजली.

मिस टेगवेननी सूर दिला. एम्लिनने तोंड उघडलं.

मी त्या माणसाबरोबर अडतीस वर्षं संसार केला, पण त्याचा गाण्याचा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकत होते. काय सांगू? आवाज मोठा होता. तेवढं एक चांगलं होतं. पहिली ओळ त्याने एका पट्टीत सुरू केली, मधे दुसरी धरली आणि तिसरीत संपवली. मिस टेगवेन गुणी बाई. त्या त्याच्यामागे ऑर्गनवर धावल्या. तो वर गेला की वर, खाली आला की खाली, आणि त्या पोचायच्या तोवर हा तिथून निघालेला असायचा. दुसऱ्या कडव्याला त्यांनी हात मांडीवर ठेवले. तिसऱ्याला खिडकीतला भोपळा खाली पडला. त्याचा यात काही संबंध नव्हता, पण सगळ्यांना तसं वाटलं. लोक हसले नाहीत. ते पुढच्या बाकाला घट्ट धरून बसले होते. चौथं कडवं त्याने डोळे मिटून म्हटलं, एकही शब्द न गाळता, आणि जागेवर येऊन बसला. मी त्याचा हात धरला. ओला गार होता.

पाद्रीबाबा फार घाईने आमेन म्हणाले.

मग मागच्या खोलीत चहा. सगळे कपात बघत होते. शेवटी इफोर पुढे आला आणि त्याने एम्लिनच्या पाठीवर थाप मारली. "अरे, तळ्यावरची थंडी बाधली तुला," तो म्हणाला. "घशात उतरली सगळी. एरवी तुझा आवाज काय आम्हाला माहीत नाही?" लगेच सगळ्यांनी मान डोलावली. थंडीच ती. ऑक्टोबरची हवा. कुणी मध सांगितला, कुणी कांद्याचा रस. मी सुटकेचा श्वास घेतला. मूठ झाकलेली राहिली होती! स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायला कुणी तयारच नव्हतं. एम्लिनने फक्त हो म्हणायचं होतं.

त्याने कप खाली ठेवला.

"थंडीबिंडी काही नाही, इफोर," तो म्हणाला. "हाच माझा आवाज. पहिल्यापासून हाच आहे. एकतीस वर्षं मी मंडळात नुसतं तोंड हलवतोय."

इफोर हसला. मग हसायचा थांबला. एवढ्यात माझ्यामागून घसा खाकरल्याचा आवाज आला. पोस्टमन हिवेल होता.

"इफोर," तो म्हणाला, "तुम्ही मला सांगितलं होतंत ना, एम्लिन करेल तस्संच करायचं म्हणून?"

"मग?"

"मग मी तस्संच केलं."

इफोरने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या शेजारच्याकडे बघितलं, त्याच्या शेजारच्याकडे बघितलं. त्याने जागच्या जागी हात वर केला आणि खर्जाच्या रांगेला सूर दिला. पाच माणसांनी तोंडं उघडली. फार सुंदर उघडली, सगळ्यांची एकाच क्षणी. खोलीत किटली तेवढी वाजत होती. इफोर खुर्चीवर बसला. खुर्चीवर केक होता, पण त्याला ते कळलं नाही. दोनच वर्षांपूर्वी स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या मंडळाला बक्षीस देताना लिहिलं होतं की खर्ज विशेष संयमी आहे.

त्या गोंधळात मी मिस टेगवेनना कोपऱ्यात गाठलं. नवऱ्याने सगळ्या गावासमोर खरं सांगितल्यावर माझ्याच्याने चहा गिळवत नव्हता. मी म्हटलं, "मिस टेगवेन, सॉलोमनची पिसं मी उपटली. एम्लिनला काही माहीत नव्हतं."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "एम्लिनने दोनच काढली असती, नीट, बेतशीर जागेवरून. हे तर रविवारच्या जेवणासाठी कोंबडी सोलावी तसं काम होतं."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

त्यांनी साखर ढवळली. "पंचवीस वर्षं मी त्या रांगेकडे पाठ करून ऑर्गन वाजवते," त्या म्हणाल्या. "मला एकदा एम्लिनचा आवाज वेगळा ऐकायचा होता." मग चमचा बशीत ठेवला. "ऐकला."

घरी जाताना अंधार पडायला लागला होता. चढाच्या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मला राहवेना. मी म्हटलं, "तू माझं नाव का नाही सांगितलंस? मासा तुझा राहिला असता. गावं लागलं नसतं. मला फार तर चार बायका बोलल्या असत्या."

"अडतीस वर्षं तू कुणाला बोलली नाहीस, नेस्ट," तो म्हणाला. "सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. मी काय, एक कोंबडा अंगावर घेतला."

मी रस्त्यातच रडले. मला रडताना बघितलं की तो गोंधळतो, त्याने मला आधी रुमाल दिला, मग टोपी दिली. जरा वेळाने म्हणाला, "खरं सांग. किती वाईट होतं?"

"फार," मी म्हटलं.

"तिसरं कडवं जरा बरं गेलं, नाही?"

"तिसरं सगळ्यात वाईट होतं, एम्लिन."

त्याने मान हलवली, जसं काही त्याचाही तोच अंदाज होता. मग घर येईपर्यंत तो तेच तिसरं कडवं पुन्हा पुन्हा म्हणत आला, मोकळ्या आवाजात, आणि मी त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.